बेशरमाच्या खुणा

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर माझी बदली करडीजवळच्या एका शाळेत झाली. वाटेत एक लहानशी नदी तलावाला मिळते. पावसाळा सरला की तिच्या तोंडावरून पायवाट पडायची आणि माझ्या सायकलचा सडकेवरचा फेरा वाचायचा. तिथे मासे धरणारे एक गृहस्थ रोज भेटत. मी त्यांना मामा म्हणे, ते मला बाई. नाव दोघांनीही कधी विचारलं नाही.

त्यांचं प्रत्येक बोलणं ‘आयका’नं सुरू होई. “आयका बाई, तलाव आला का नदी थकते. मंग वझं टाकत जाते. पयले गोटे, मंग रेती, आखरीले गाळ.”

तो गाळ वरून वाळला की सडकेसारखा टणक दिसतो, पण पाय ठेवला तर माणूस कमरेपर्यंत आत जातो. म्हणून मामा अशा जागी बेशरमाच्या, म्हणजे खोचली तिथे रुजणाऱ्या रानझुडपाच्या, फांद्या रोवून ठेवत. त्या टाळून आम्ही बिनघोर चालायचो.

एका वर्षी पावसाळ्यानंतर गेले, तर एकही फांदी दिसेना. मामा काठावर घोंगडी पांघरून तापानं कुडकुडत बसले होते. शेजारी गेल्या वर्षीच्या, मुळं धरलेल्या फांद्यांचा ओला ढीग होता.

“मामा, एवढ्या तापात ह्या काहून उपटल्या?”

“आयका बाई, अवंदा गाळ सरकला. नव्या रोवाची ताकद नाई मले. पर जुन्या रायल्या असत्या, तं तुमी त्याच पाहून चालल्या असत्या.”

मी सायकल सडकेकडे वळवली. शाळेत उशिरा पोचले, पण पोचले.