ओढून वाजवायचा सूर

धुळ्याच्या स्टँडवर मला सोडायला नाना, म्हणजे माझे वडील, जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीतून, थेट आले होते. भुवयांवर कापूस तसाच. त्यामुळे चाळिशीतच ते म्हातारे दिसत आणि संध्याकाळी अंघोळ केली की पुन्हा तरुण होत. माझ्या शर्टाच्या खिशातून यात्रेत घेतलेला माउथ ऑर्गन डोकावत होता. नानांनी तो एका बोटाने आत ढकलला. "वाजाडानं बस कर आते. हातनं काम शिक." बस सुटली तेव्हा ते खोकत होते. निरोप देताना माणूस रडू लपवायला खोकतो, असं मी बरीच वर्षं मानत आलो. कथा-कादंबऱ्या वाचल्याचे दुष्परिणाम.

बंगळुरूत मी हाताचं काम शिकलो, पाच वर्षं कारखान्यात केलं आणि शेवटी तोंडाच्याच कामाला लागलो. तिथल्या एका गिटारवाल्या सहकाऱ्याने मला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं संगीत, ऐकवलं. माझ्या बाजातून, म्हणजे माउथ ऑर्गनमधून, सिनेमाची गाणी निघत, त्या लोकांच्या बाजातून कण्हणं निघत होतं. गोम अशी की ब्लूज मुख्यतः श्वास आत ओढून वाजवतात. ओढताना घसा असा आवळायचा की सूर वाकतो. ते जमायला मला दोन वर्षं लागली. आता बँड आहे, शनिवारी पबमध्ये गिग, इतर दिवशी ऑनलाइन क्लास. घरी मी फक्त क्लासचं सांगतो.

पबमध्ये वाजवण्याआधी मी एक गोष्ट सांगायचो: हे कापसाच्या शेतांत राबणाऱ्यांचं संगीत, आणि माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये आहेत. इंग्रजीत ती फार छान वाटते. टाळ्या पडत. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकाच्याही भुवईवर कापूस नव्हता, आणि ज्याच्या होता त्याला मी हे संगीत कधी ऐकवलंच नव्हतं.

मग गावाने माझा सत्कार केला. टीव्हीवर अर्धा मिनिट दिसलो होतो, तेवढं पुरतं. शाल, श्रीफळ, 'सातासमुद्रापार' (बंगळुरूच्या वाटेवर एकही लागत नाही) आणि सात भाषणं. वाजवायला वेळ उरला नाही, तशी कुणाची तक्रारही नव्हती. पण एक वक्ता बसून दुसरा उठेपर्यंत जी शांतता होई, तिच्यात पहिल्या रांगेतून नानांचा श्वास ऐकू येई. त्यात बारीक शिट्टी होती. बाजाच्या पत्तीत कचरा अडकला की असाच आवाज येतो. स्टँडवरचा तो खोकला मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली. जिनिंग बंद, आणि फुप्फुसाचा व्यायाम रोज, नाहीतर श्वास आणखी आखडत जाईल, म्हणाले. व्यायामासाठी तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. "हाई पोऱ्यासनं खेयनं शे," म्हणून नानांनी ते फळीवर ठेवून दिलं.

मी खिशातला बाजा पुढे केला. त्यांनी फुंकला.

"फुंकू नका नाना, ओढा."

"बठ्ठा लोके फुकतस, तू ओढस. तुनं बठ्ठं उलटंच शे."

पण ओढलं. दुसऱ्या भोकातून एक सूर निघाला, खरखरीत आणि मस्त वाकलेला. नवशिक्याच्या हातून तो चुकून वाकतो, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. त्या दिवशी स्वतःला सांगितलं नाही.

तो बाजा मी नानांकडेच ठेवून आलो. आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. हॅलो नाही. आधी सूर, मग खोकला, मग आईने कोणती भाजी केली ती बातमी. सूर चालू असेपर्यंत मी मनात आकडे मोजतो. नऊ, कधी अकरा. गाव सोडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, घरचे फोनवर 'बरं शे' याच्यापुढे काही सांगत नाहीत. बाजाला मात्र खोटं बोलता येत नाही. पबमधली कापसाची गोष्ट मी बंद केली आहे. नुसतं वाजवतो.

परवा सूर सहावरच तुटला. "आज कमी भरला, नाना," मी म्हणालो.

"मंग घर ये ना. फोनवर काय मोजस?"

मोजतो हे त्यांना कळलं होतं तर. शनिवारचा गिग सोडला. पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे धुळ्याची बस. माझा दुसरा बाजा शर्टाच्या खिशात आहे, डोकं बाहेर काढून. तो आत ढकलणारं बोट जिथे आहे, तिकडे निघालो आहे.