चष्मा बिघडला नव्हता

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मुलीला तर मुळीच नाही.

माझे मालक एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाले आणि काही वर्षांत विसरायला लागले. आधी गल्ली विसरले, मग नातवंडं, मग — मी. दारव्ह्याच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना भरवायचं, धुवायचं, दार अडवून बसायचं, एवढाच माझा दिवस. कारण जरा नजर चुकली की निघालेच, आर्णीकडच्या आपल्या गावी. "गावाले जाऊन राह्यलो," म्हणायचे.

म्हणून आमच्या मुलीनं, सुषमानं, पुण्याहून तो व्हीआरचा चष्मा आणला. गावी जाऊन चौफेर दिसेल असं शूटिंग केलं — थोरल्या भावाचं घर, गोठा, विहिरीची वाट. चष्मा चढवला की माणूस तिथंच उभा! यांना शेजारणीकडं बसवून मीही गेलते. नवं पातळ नेसून त्या घराच्या दारात उभी राहिले. कायले? तिथं तरी ओळखतील म्हणून.

चष्मा घातला आणि — काय सांगू — चेहराच बदलला त्यांचा. गाईला हाक मारली. हवेतच तिच्या पाठीवरून हात फिरवला. हसले. मग मान दाराकडं वळली. थांबली.

"दारात उभी हाये ते बाई कोन हाये वं?" त्यांनी मलाच विचारलं.

"पाव्हनी हाये," मी म्हटलं.

मग रोज तेच. चष्मा घातला की सुखात. दोन घास जास्त जायचे, मलाही जरा पाठ टेकता यायची. आणि तरी ते सुख मला बघवेना. माझ्यावाचूनचं होतं ना ते!

एका दुपारी चष्मा कपाटात गोधड्यांखाली दडवला. सुषमाला फोनवर सांगितलं, पडला, बिघडला. दुसरा पाठवते म्हणाली. नको म्हटलं — बाबाले भेव वाटते त्याचं. भेव!

ते शोधत राहिले. उशीखाली, टीव्हीमागं. मग दोन्ही तळवे डोळ्यांवर गच्च धरून बसायचे. हात काढले की समोर मीच.

"मले गावाले जाऊ दे ना, बाई."

"उद्या जाऊ," म्हणायचे मी. रोज.

दिवाळीच्या आधी ते गेले. शेवटच्या दिवशीही चष्मा चांगला होता, हाताच्या अंतरावर होता. मी बाहेर काढला नाही.