विमानाला जोडून बोट

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं का, हेच मला नीट कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही. पुस्तकं लिहिणारी माणसं वेगळीच असतात असं मानत मी मोठा झालो. तेव्हा या आगाऊपणाबद्दल आधी माफी मागतो. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — आईला नाही, बरोबरच्या पोरांना नाही. आणि जिला सांगायला हवी होती, तिला तर नाहीच.

२०२० च्या शेवटी मी डब्लिनला एमएस्सीला आलो. विषय परिवहन नियोजन. कॉलेज बंद, वर्ग लॅपटॉपवर. शहराच्या कडेला, ॲडम्सटाउनला, स्टेशनजवळच्या घरात एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत मार्सिया राहायची — पन्नाशीची, कॅरिबियनमधल्या एका बेटावरून आलेली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करणारी. पहिल्याच दिवशी मी तिला आंटी म्हणालो, तर म्हणाली, इतकी म्हातारी दिसते का मी? मग तोंडानं मिस मार्सिया म्हणायचो, मनात ताई.

प्रबंधासाठी विषय हवा होता, तोही घरात बसून होणारा. मार्सिया जेवताना तिच्या बेटाबद्दल बोलायची, म्हणून मी तेच घेतलं: तिथला आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि तिथून पुढची वाहतूक. तिला काय आनंद झाला! तेव्हापासून मी ‘प्रोफेसर’. धावपट्टी संपते तिथे समुद्र सुरू होतो, बाहेर मिनीबस उभ्या असतात आणि भरल्याशिवाय हलत नाहीत, असं ती सांगायची. मला हसू यायचं. माझे वडील जालन्यात काळीपिवळी जीप चालवतात, तिचाही नियम हाच.

मार्सियाची आई समोरच्या छोट्या बेटावर राहायची. लंडनचं विमान उतरलं की त्या प्रवाशांसाठी संध्याकाळी बोट थांबते, असं मला एका वेळापत्रकात सापडलं. वेळापत्रक जुनं होतं. पण विमानाला जोडून बोट — किती सुबक उदाहरण! माझं अख्खं एक प्रकरण त्यावर उभं राहिलं. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, हे आजही लागू आहे ना? मी हो म्हणालो.

का म्हणालो? वडिलांच्या स्टँडवर जीप कधी सुटणार असं विचारा — प्रत्येक ड्रायव्हर सांगेल, “निघालीच, बसा.” माहीत नाही, असं तिथे कुणी म्हणत नाही. म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसतं. सबब म्हणून सांगत नाहीये. माझ्या जिभेला हे वळण कुठे लागलं, एवढंच मला ठाऊक आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मार्सियाची आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी फार दिवस नाहीत असं सांगितलं होतं. मार्सियाला रजा मिळाली. जायला दोन वाटा होत्या. एक, लंडनहून मोठ्या बेटावर विमानानं आणि पुढे बोटीनं. दुसरी भलत्याच बेटावरून वळसा घालून जाणारी, पण तिथून छोटं विमान थेट आईच्या बेटावर उतरायचं. मी चहा करत होतो. ती फोनवर तिकिटं उघडून बसली होती.

“प्रोफेसर, बोट आहे ना? नसेल तर सांग, मी छोट्या विमानाचं बघते.”

“आहे. विमानाला जोडूनच आहे,” मी म्हणालो.

इथेच थांबावंसं वाटतं. इथपर्यंत ती नुसती चूक ठरते — नाही का? पडताळलं नाही, होतं माणसाकडून. कितीतरी महिने मी स्वतःलाही इथपर्यंतच सांगत आलो.

पण तेवढंच नाही. त्याच दुपारी मी पडताळलं. बंदराच्या पानावर सूचना होती: साथीमुळे संध्याकाळची बोट बंद, आठवड्यातून फक्त दोनदा सकाळी सुटेल. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तिकीट अजून बदलता आलं असतं. किचनमधल्या प्रेसमधून — इथे कपाटाला प्रेस म्हणतात — आईसाठी घेतलेली बिस्किटं काढून ती बॅगेत भरत होती. मध्ये एक भिंत. दार वाजवायला असं काय लागतं?

मी वाजवलं नाही. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. बोट गेली की प्रकरण गेलं. आणि तिनं विचारलं असतं तर — मग वर्षभर शिकलास काय, प्रोफेसर? मी ते पान बंद केलं. सूचनाच जुनी असेल, अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तिची बॅग उचलून स्टेशनपर्यंत गेलो. देव तुझं भलं करो, असं म्हणाली ती मला.

ती उतरली, मिनीबस भरेपर्यंत थांबली, धक्क्यावर पोचली. फाटकाला कुलूप. पुढची बोट यायच्या आत आई गेली. मार्सिया पोचली ती पुरायच्या वेळी.

तिनं मला फोन केला. आवाज बसला होता. मलाच धीर देत होती, की बोट बंद केलीय हे तुला तिकडे बसून कसं कळणार? मी म्हणालो, “हो ना, अचानक बदललं असेल.”

अजून एक आहे. ते प्रकरण मी नंतर दुरुस्त केलं. एक दुपार लागली फक्त, एक दुपार! साथीनं जोडवाहतूक कशी तुटली, हे दाखवायला खाली टीप दिली: ‘एका प्रवाशाच्या प्रत्यक्ष अनुभवावरून.’ परीक्षकांना नेमकी तीच टीप आवडली. मार्क चांगले पडले. वडिलांनी स्टँडवर पेढे वाटले.

मार्सिया परत आली नाही, तिकडेच राहिली. डिसेंबरमध्ये तिच्या भाचीचा फोन आला, आत्याचं इथलं सामान कसं पाठवता येईल म्हणून. मी कोण ते कळल्यावर तिनं विचारलं, ते प्रोफेसर तुम्हीच का? मग म्हणाली, तिच्या वडिलांनी, म्हणजे मार्सियाच्या भावानं, तेव्हाच बजावलं होतं — बोट बंद आहे, छोट्या विमानानं ये. त्यावरून दोघांचं भांडण झालं. आत्या म्हणाली होती, मी माझ्या प्रोफेसरला विचारलंय, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

“आजीला पुरल्यापासून बाबा आत्याशी बोलत नाहीत,” ती म्हणाली. “आणि आत्या अजून तुमचीच बाजू घेते.”