मामांचं गॅरेजमधलं वाळवण

या पृथ्वीवर ऊन पडतं ते केवळ काहीतरी वाळत घालण्यासाठी, अशी माझ्या बायकोच्या मामांची पक्की श्रद्धा होती. नागपूरकडे शेतीखात्यातून निवृत्त झालेले मामा आले होते खरे अमेरिकेत मुलीकडे, जर्सी सिटीला. पण तिथे विसाव्या मजल्यावर माती नाही म्हणून रुसले, आमच्याकडे कॅरी गावातल्या अंगणवाल्या घरी आले आणि सहा वर्षं राहिले. मेथी, अंबाडी, कलिंगडाच्या बिया, माझे मोजे, सगळं त्यांनी दोरीवर नाहीतर ताटात वाळवलं. ड्रायरला हात लावायचे नाहीत. "तो वाळवत नाही जावईबापू, भाजतो." एकदा मिरच्यांची माळ त्यांनी गॅरेजच्या दाराला बांधली, मी गाडीतून रिमोट दाबला, दारासोबत माळही वर गेली आणि बॉनेटवर कोसळली. तीन दिवस आम्ही गाडीत शिंकत होतो.

त्यातच एका उन्हाळ्यात टोमॅटोंच्या मागे गांजाची चार झाडं उभी राहिली. बी कुठून आणलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. फुलं वाळवून तिळाच्या तेलात उकळायची आणि ते तेल गुडघ्यांना चोळायचं, एवढाच बेत.

"मामा, हे इथे इललीगल आहे. माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे."

"गुडघ्यांना कुठे माहीत आहे ते?"

ऑक्टोबरात ते पंधरा दिवस मुलीकडे गेले. जाताना सगळं समजावून गेले. फुलांचे पांढरे केस तांबूस झाले की कापायचं, गॅरेजमध्ये उलटं टांगायचं. ऊन नको, अंधार आणि वारा हवा. आयुष्यात या एकाच पिकाला त्यांनी ऊन नाकारलं होतं. "काडी वाकली तर थांबा. कट्कन मोडली की झालं."

मी कापलं. टांगलं मात्र नाही. काळ्या पिशवीत भरून तीन मैलांवरच्या कचरापेटीत टाकून आलो. हे मी बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही.

मामा परतल्यावर मी सगळं परसात येणाऱ्या हरणांवर ढकललं. "हरणांनी खाल्लं, मामा."

मामा कण्हत वाकले, बुंध्यांवरून अंगठा फिरवला. "फारच भुकेली दिसतात," म्हणाले. शनिवारी त्यांनी माझ्याकडून आठ फुटी जाळीचं कुंपण घालून घेतलं. त्या हिवाळ्यात मामा जिना बसून, एकेक पायरी सरकत चढायचे. मी स्वयंपाकघरातून बघायचो आणि उगाच चहा ढवळत राहायचो.

पुढच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. कुंपणात पुन्हा चार झाडं होती. कापणीच्या दिवशी मामा पालथ्या बादलीवर बसले आणि कात्री माझ्यापुढे धरली.

"तुम्हीच कापा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओरबाडतं. तुमचा हात सफाईदार आहे."

मी मान वर न करता कापत राहिलो. माफी मागितली नाही. मामा शांतपणे सुतळीच्या गाठी मारत होते. दहा दिवसांनी त्यांनी एक काडी माझ्या कानाशी आणून मोडली. "ऐकलं?" इतका खूश झालेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुंपण मी काढलेलं नाही. आत नुसतं गवत आहे. सकाळी हरणं येतात, जाळीला नाक लावून उभी राहतात. मामांची मागायची राहिली, निदान यांची तरी माफी मागावी, असं वाटतं. मग मी कुंपणाचं फाटक उघडून ठेवतो.