शनिवारचे निबंध आणि माझा वर केलेला हात

२०२४ सालचा मार्गशीर्ष. डिसेंबरचा पहिला शनिवार. थंडी पडली होती, म्हणजे कल्याणला पडते तेवढी. त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत निबंधाचा वर्ग सुरू झाला आणि माझ्याकडे किस्से साठायला लागले. किस्से गोळा करायचा मला नाद नाही. पण दाराशी बसणाऱ्या माणसाकडे ते चपलांसारखे जमतात. घालणारा आत जातो, चप्पल आपल्यासमोर राहते.

मी अभ्यासिकेची किल्ली सांभाळतो. शिक्षण सातवी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. रिटायर झाल्यावर अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाने विचारलं, बसणार का? मी म्हटलं, बसतो, पण आत बोलणं चालणार नाही आणि खाणं चालणार नाही. दोन्ही आजतागायत चालत नाही.

वर्ग घेतात लिमये मॅडम. कॉलेजातून रिटायर झालेल्या. फी घेत नाहीत आणि ढिलाई खपवून घेत नाहीत. पोरं परीक्षेत पाच-पाच पानं भरतात आणि मार्क पडत नाहीत, ही त्यांची तक्रार. सात जण यायचे.

त्यात खडवलीची मनीषा. बीए, सेकंड इयर. समाजशास्त्राच्या एका विषयात अडकलेली. त्यात वीस मार्कांचा एक निबंध कॉलेजात द्यायचा असतो, पास व्हायला आठ लागतात. तिला एकदा सहा मिळाले, एकदा सात. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "या खेपेला निघाला नाही तर कॉलेज बंद. आंबिवलीला पॅकिंगला बायका घेतायत, तिथे लाग."

हे तिने पहिल्याच दिवशी मॅडमना सांगितलं. हळू सांगितलं, पण मी दाराशी होतो. मला ऐकू आलं.

*

ओंकार नावाचा पोरगा. उंच आणि बोलका. त्याचा विषय होता शहरातला पाणीप्रश्न. उभा राहून वाचायला लागला, "प्राचीन काळापासून मानवाने नदीकाठी वस्ती केली..."

दीड पान झालं तरी तो सिंधू नदीपाशीच. आमच्याकडे शनिवारी साडेपाचला पाणी येतं. मला घरी जाऊन पिंप भरायचं होतं. मी दारातून डोकं आत घातलं.

"बाळा, तू कल्याणला कधी पोचणार?"

सगळे हसले. तो म्हणाला, "काका, ही प्रस्तावना आहे!"

"असेल. पण तोवर पाणी जाईल."

मला वाटलं मॅडम चिडतील. त्या म्हणाल्या, "शेलार, खुर्ची घेऊन आत या. हे वाचतील, तुम्ही ऐका. कुठे कळलं नाही किंवा हे कुठे चाललेत ते समजलं नाही, की हात वर करा."

"मी सातवी पास आहे, मॅडम."

"त्याचा काही संबंध नाही. तुम्ही भिडेखातर मान डोलावत नाही. मला तेवढंच पाहिजे."

पुढच्या शनिवारी ओंकारची पहिली ओळ होती, "कल्याणमध्ये पाणी कमी नाही, वाटप वाईट आहे." मी हात वर केला नाही. उठून पिंप भरायला गेलो. मॅडम म्हणाल्या, "बघ, निबंधाचा परिणाम झाला!"

*

एका मुलीने लिहिलं, "झोपडपट्टीतील परिस्थिती अत्यंत बिकट आहे." मी हात वर केला. ती म्हणाली, "यात न कळण्यासारखं काय आहे, काका?"

मग मला गावडेची गोष्ट सांगावी लागली.

कारखान्यात शिफ्ट सुटताना लॉगबुक भरायचं असतं. पुढच्या शिफ्टचा माणूस ते वाचून प्लांट हातात घेतो. मी नवीन होतो. पहिल्या आठवड्यात एका दुपारी लिहिलं, "सर्व ठीक आहे," आणि निघालो. पुढची शिफ्ट गावडेची. मालवणकडचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याने मला गेटवरून परत आणलं. डोळ्यांदेखत कंपनीची बस सुटली.

"ह्या काय लिवलंस?"

"सर्व ठीक."

"ठीक म्हणजे किती डिग्री?"

"नव्वद."

"मग नव्वद लिव. ठीक हे काय टेंपरेचर आहे?"

मी त्या दिवशी चालत घरी गेलो. परत कधी ठीक लिहिलं नाही.

पोरांना ते फार आवडलं. वाक्यात "प्रचंड" आलं की कुणीतरी विचारायचंच, "किती डिग्री?" मुलीने झोपडपट्टीवरचं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, एका नळावर किती घरं, रांगेत किती वेळ. त्या दिवशी तिचा निबंध ऐकून मॅडम म्हणाल्या, "हं. ठीक आहे."

सातही जण एकदम ओरडले, "ठीक म्हणजे किती मार्क, मॅडम?"

आत बोलणं चालत नाही. त्या दिवशी मी काही म्हणालो नाही.

*

एका पोराने निबंध मोबाईलकडून लिहून घेतला. हल्ली तसं मिळतं. विषय सांगितला की मोबाईल लिहून देतो. नाव सांगत नाही, पोरगा आता सुधारलाय.

वाचायला उभा राहिला. भाषा एकदम गुळगुळीत. मला सगळं कळत होतं, हात वर करायला जागाच नव्हती. मॅडम माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. पोरगा तालात आलेला. त्याच तालात त्याने वाचलं, "या समस्येचे ठळक उदाहरण म्हणजे, येथे आपल्या शहराचे नाव लिहा, येथील वाहतूक कोंडी होय."

कुणी हसलं नाही. त्याला स्वतःलाही दोन ओळी पुढे गेल्यावर कळलं. मग तो थांबला.

मी म्हटलं, "कल्याण लिही. जास्तीचे पैसे पडत नाहीत."

पत्रीपुलावर तो रोज अडकतो. त्यावर त्याने स्वतः एक पान लिहिलं. भाषा ओबडधोबड होती. मॅडमनी ते पान सगळ्यांना दाखवलं.

*

प्राजक्ता नावाची डोंबिवलीची मुलगी. हुशार. तिच्या निबंधात दर पानाला एकदा असायचं, "थोर विचारवंतांनी म्हटले आहे."

मी हात वर केला. "कुणी म्हटलंय?"

"नाव नाही माहीत, काका. पण म्हटलंच असेल ना कुणीतरी!"

मी म्हटलं, "आमच्याकडे नोंदीखाली सही लागायची. बिनसहीची नोंद म्हणजे भिंतीवर लिहिलेलं."

मॅडमनी मग अख्खा तास त्यावर घेतला. जे दुसऱ्याचं आहे त्याचं नाव द्यायचं. पुस्तक, पान, साल. ऐकलेलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते. प्राजक्ताने मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं.

पंधरा दिवसांनी हसत हसत आली. "काका, आमचे सर विचारत होते, शेलार यांचं पुस्तक लायब्ररीत का नाही?"

तिने निबंधाखाली संदर्भ दिलेला. "शेलार, कल्याण पश्चिम, शनिवार."

*

आता मनीषा.

तिचा विषय होता ग्रामीण स्त्रियांचे श्रम. गाईड पाठ करून लिहायची. अक्षर मोत्यासारखं. पहिलंच वाक्य, "ग्रामीण स्त्री ही कुटुंबाचा कणा आहे." माझा हात वर. तिने पुढचं वाक्य वाचलं. हात वरच. एक पूर्ण पान मी हात खाली घेतला नाही.

ती वैतागली. "काका, हात खाली घ्या ना! मला वाचता येत नाही असं!"

"तुझी आई काय करते?"

"भाजी विकते. इथेच, कल्याणला."

"तो कणा किती वाजता उठतो?"

तिने वही खाली घेतली. मग म्हणाली, "साडेतीनला."

"मग?"

"मग पाणी तापवते. मेथीच्या जुड्या बांधते. भाकऱ्या करते. पहिल्या गाडीने येते. दोनला परत जाते. मग शेतात."

मॅडम म्हणाल्या, "मनीषा, आत्ता बोललीस ते लिही. गाईड घरी ठेव."

फेब्रुवारीत निबंध द्यायची वेळ आली, त्याच शनिवारी मॅडम मुलीकडे पुण्याला गेलेल्या. ऐकायला मी एकटा. मनीषाने आईचा दिवस लिहून आणला होता. वेळ आणि काम, वेळ आणि काम. फार चांगला. मधेमधे तिने स्वतःचं काही घातलं होतं. हे असं का आहे, घरात कोण काय म्हणतं, तिला काय वाटतं. मी तिथे हात वर केला.

"हे काढ."

"हे माझं मत आहे, काका."

"मत नको. लॉगबुकात मत लिहीत नाहीत. जे झालं तेवढं लिही."

तिने पेन काढलं आणि माझ्यासमोर त्या ओळी खोडल्या. वहीवरून उतरवून निबंध कॉलेजात दिला.

पाच मिळाले. वीसपैकी पाच. सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, "नोंदी आहेत. निबंध कुठे आहे?"

तिने तो कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तिने मला दोष दिला असता तर मी ऐकून घेतला असता. कागद उचलून आत जाऊन बसली. वही उघडली नाही.

मॅडम परत आल्यावर त्यांनी कागद वाचला. "शेलार, तुमच्या लॉगबुकात 'का' कोण लिहितो?"

"कुणी नाही. काही बिघडलं तर इन्क्वायरी बसते. का, ते इन्क्वायरीत विचारतात."

"निबंध म्हणजे इन्क्वायरी असते, शेलार."

मला सातवीपासून आजपर्यंत हे कुणी सांगितलं नव्हतं. पण ती सबब झाली. तिला आठ लागत होते, पाच मिळाले. तीन मार्क मी खाल्ले होते.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात गेलो. कॉलेजात पाय ठेवायची ती माझी पहिलीच वेळ. सर तरुण होते.

"तुम्ही मनीषाचे वडील?"

"नाही. मी अभ्यासिकेच्या दाराशी बसतो."

"मग?"

"तो निबंध मी ऐकून पास केलेला. चूक माझी आहे. तिला परत लिहू द्या."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "काका, मार्कांची यादी बुधवारी वर जाते. असं तोंडी सांगून चालत नाही. कारण काय ते लेखी द्या."

एक कोरा कागद दिला. मी बाहेर बाकावर बसलो. कॉलेजची पोरं जात-येत होती. पाच वाक्यं लिहायला मला पाऊण तास लागला.

"मनीषाच्या निबंधात कारणं नाहीत, ही चूक तिची नाही, माझी आहे. तिने कारणं लिहिली होती. मी ती खोडायला लावली, खोडलेल्या ओळी तिच्या वहीत अजून दिसतात. मी एकतीस वर्षं कारखान्यात फक्त नोंदी लिहिल्या, म्हणून मला वाटलं सगळं लिहिणं तसंच असतं. म्हणून तिला परत लिहू द्यावं."

खाली सही केली.

सरांनी वाचलं. परत एकदा वाचलं.

"म्हणणं पहिल्या ओळीत. मग पुरावा. मग कारण. शेवटी मागणं. काका, हे तुम्ही तिला का नाही शिकवलंत?"

"मलाच आत्ता जमलं."

सरांनी कागद फाइलला लावला. "उद्या पाचपर्यंत. त्यानंतर घेणार नाही."

मंगळवारी सकाळी मनीषा अभ्यासिका उघडायच्या आधीच आली होती. दुपारी तिने मला वाचून दाखवलं. वेळा त्याच होत्या. खोडलेल्या ओळी परत आल्या होत्या आणि एक नवी होती. "माझ्या आईला घरात कुणी कामाला जाणारी म्हणत नाही, कारण ती काम सुरू करते तेव्हा मोजणारे झोपलेले असतात."

माझे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"काका, काही राहिलं?"

"चार वाजले. जा."

शुक्रवारी यादी लागली. अकरा मिळाले. मी तीन देणं लागत होतो. फिटलं.