आठशेचा लॉट

विगातीबद्दल चांगलं बोलणारे आमच्या उंगारानच्या कारखान्यात पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही, हे आधीच सांगते.

ती नववी शिकलेली. दहा वर्षं कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर अंथरत होती, आणि एक दिवस तिला उचलून आमच्या नियोजनाच्या खोलीत, माझ्या शेजारी आणून बसवलं. मी सेमारांगला डिप्लोमा केलेला. किती कापड, किती बटणं कधी मागवायची, एका लॉटमध्ये किती शर्ट शिवायला सोडायचे, हे मी सूत्राने काढते. ही बाई आधी गोदामात जाऊन ताके उजेडात धरून बघायची, मग आकडा सांगायची. आणि आमचे साहेब, पाक दार्सोनो, तिचाच आकडा उचलायचे! माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात आमच्या विभागप्रमुख बाई निवृत्त होणार होत्या. खुर्ची एक, आणि आम्ही दोघी.

निळ्या शर्टांची ऑर्डर आली, अठ्ठेचाळीसशेची. विगातीने आठशेचे सहा लॉट पाडले. मी म्हटलं, बाराशेचे चार करू. दर लॉटला मशीनं नव्याने लावण्यात अर्धा दिवस जातो, म्हणजे एक अख्खा दिवस वाचला.

"म्बाक रेत्नो, एका खेपेला रंगवलेल्या कापडात आठशेच शर्ट बसतात," ती म्हणाली. म्बाक म्हणजे ताई, मला ती कायम तशीच हाक मारायची. "बाराशे केलेत तर एका लॉटमध्ये दोन खेपा येतील."

"निळा तो निळाच ना गं?"

"कपाटात असतो, म्बाक. उन्हात नाही." सगळी खोली हसली. ते हसणं मला फार लागलं.

रमजानच्या तोंडावर, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, ती आईवडिलांच्या कबरी साफ करायला गावी गेली. मी आठशे खोडून बाराशे घातले, वाचलेला दिवस साहेबांना दाखवला. ते खूश, मी तर हवेतच.

ती परतली तोवर पहिला लॉट शिवूनही झाला होता. कापलेल्या तुकड्यांवर थराचा नंबर चिकटवतात. सात नंबरच्या अंगाला सात नंबरचीच बाही लागते. पण नंबर दर खेपेला पुन्हा एकपासून. एका लॉटमध्ये एकच खेप, ही आमच्याकडची सवय, त्यामुळे या वेळी सात नंबर दोनदा आलाय हे शिवणाऱ्या बायकांच्या मनातही आलं नाही. तपासणीत तीनशेवर शर्ट बाजूला निघाले. अंग एका निळ्याचं, बाह्या दुसऱ्या.

"आकडा कुणी बदलला?" पाक दार्सोनोंनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. कागदावर सही माझीच होती, दुसरं काय सांगणार?

खुर्ची विगातीला मिळाली. उसवलेल्या बाह्या जुळवायला तिने मला खिडकीशी बोलावलं आणि दोन बाह्या उन्हात धरल्या.

"ही बघा, हिच्यात जरा लालसर झाक आहे. दिसतेय ना, म्बाक?"

मी डोळे फाडून पाहिलं. चौदा वर्षं कापडात काढलीत मी. दोन्ही बाह्या मला अगदी सारख्या दिसत होत्या.

"दिसतेय की," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि सगळा ढीग तिने माझ्या पुढ्यात सरकवला. "मग लालसर तेवढ्या तुम्ही निवडा."