आईचा हात आणि माझी पाळत

गोड बोलणाऱ्या लॅबवर माझा मुळीच विश्वास नाही. सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या आमच्या रक्ततपासणीच्या लॅबने मध्यंतरी कात टाकली. पूर्वी तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि कुणी मान वर करून बघायचं नाही. आता मागे झुकणारी मऊ खुर्ची, हात शेकायला गरम पिशवी, आणि वर "आज कसं वाटतंय?" असं विचारणारी माणसं. मी बँकेत ऑडिटला आहे. कुणी उगाच इतकं चांगलं वागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

आईला घेऊन गेले तेव्हाही चुकचुकलीच. आई नागपूरहून इथे बुकित बातोकला माझ्याकडे राहायला आली होती. हृदयासाठी तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि किती घ्यायची ते रक्त तपासूनच ठरतं. मागच्या वेळी दुसऱ्या एका लॅबमध्ये शीर सापडेना. टोचून टोचून हात काळानिळा केला होता बिचारीचा. तेव्हापासून तिने धसकाच घेतला.

"आज एकदाच टोचू देईन," MRTच्या ट्रेनमध्ये बसल्या बसल्या तिने बजावलं. "हुकलं तर उठून घरी जाईन. पुन्हा या गावात रक्त देणार नाही."

आई बोलते ते करते. रक्त दिलं नसतं तर गोळी अंदाजाने घ्यावी लागली असती. अंदाज चुकला तर एक तर गाठ, नाही तर रक्तस्राव. माझा जीव टांगणीला लागला होता.

रक्त घेणारी बाई केरळची होती, चाळिशीतली, हसतमुख. झालं! एवढी हसते म्हणजे काहीतरी झाकतेय. मी खुर्चीला खेटून उभी राहिले. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं. नळ्यांवरची लेबलं वाकून वाचली. तरी ती हसतच राहिली, याचाही मला संशय आला.

तिने मोडक्या हिंदीत आईला नाव विचारलं. मीच सांगितलं. मग जन्मतारीख विचारली. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "वैशाख पौर्णिमा."

आमच्या घरी तिचा वाढदिवस बुद्धपौर्णिमेलाच होतो, विहारातून आल्यावर खीर करून. पण पासपोर्टवर एक जून! तिच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एक जूनलाच जन्मलाय, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेल्या तारखेला. हे सिंगापुरात कुणाला पटवायचं?

"एक जून, एक जून," मी घाईघाईने म्हणाले.

बाईने सुई खाली ठेवली. लेबल आणि उत्तर जुळल्याशिवाय ती टोचणार नव्हती. म्हणजे आता तिला आमचाच संशय!

"मी मुलगी आहे, मी सांगतेय ना!" मी हिंदीत तिला सुनावलं.

"पेशंट को बोलना है, मॅडम."

मग काय, माझा पारा चढला. तिचं ट्रेनिंग, तिची सुपरवायझर, सगळ्यांचा उद्धार केला. बाहेर बसलेले लोक माना वळवून बघायला लागले. तेवढ्यात माझं आईकडे लक्ष गेलं. तिने हात छातीशी घट्ट धरला होता.

"बघा, घाबरवलंत तिला!" मी बाईवर ओरडले.

"तिने नाही गं, तू घाबरवलंस," आई म्हणाली. "बाहेर जा."

"अगं पण..."

"मागच्या वेळीही अशीच उरावर उभी होतीस. त्या लॅबमधल्या पोरीचे हात कापायला लागले तुझ्यामुळे. जा म्हणते ना!"

मी बाहेर आले. पडद्याला कान लावून बसले, खोटं कशाला बोलू. आतून दोघींची मोडकीतोडकी हिंदी ऐकू येत होती. पौर्णिमेचं सांगून झालं, शाळेचं सांगून झालं, मग आई सावकाश म्हणाली, "एक जून." बाई हसली. आईसुद्धा हसली.

आई बाहेर आली ती कापूस दाबत.

"किती वेळा टोचलं?"

"एकदाच. कळलंसुद्धा नाही."

माझा विश्वास बसेना. खरंच एकदाच ना, हे बघायला मी तिची बाही वर सारायला गेले. "पुरे तुझं ऑडिट," म्हणत आईने पटकन हात मागे घेतला आणि पाठीशी लपवला.